दर शुक्रवारी एक बादली आमिष

१

हाजी मेतवल्लींच्या फोनमधून कुणीतरी पैसे उडवत होतं. दर शुक्रवारी, न चुकता, एकदाच. ही बातमी बहीजाला कळली ती बुधवारी सकाळी, भेंड्या चिरता चिरता, आणि बातमी आणणारी बाई दारातच मटकन खाली बसली.

"खाला, मी चोर आहे म्हणे," सनिय्या म्हणाली. "सुहैरबाईंनी तोंडावर सांगितलं. शुक्रवारचं जेवण झालं की बोचकं उचल आणि चालती हो."

बहीजाने सुरी बाजूला ठेवली. सनिय्याला ती सहा वर्षं ओळखत होती. समोरच्या घरात हाजींचं सगळं तीच बघायची. स्वयंपाक तिचा, औषधं तिची, डोळ्यांत थेंब घालणं तिचं आणि म्हाताऱ्याची चिडचिड ऐकणंही तिचंच. पन्नाशीची विधवा, मंझाला तळ्याकडची. अक्षरशत्रू, पण हाजींच्या सात गोळ्या रंगावरून पाठ.

"आधी पाणी पी. आणि मग सांग, काय चोरलंस?"

"बॅलन्स! काल हाजींनी मला फोन लावायला घेतला, मी बाजारात होते, तर फोनमध्ये दमडी नाही. गुरुवारी तर भरला होता. सुहैरबाई तडक कालव्यापलीकडे पोर्ट सईदला कंपनीच्या दुकानात गेल्या आणि हा भलामोठा कागद घेऊन आल्या. मोबाइलवरच्या कुठल्याशा खेळात खरेदी झालीये म्हणे. मासे पकडायचा खेळ. मी! मी आयुष्यभर तळ्यातले खरे मासे साफ केले, मला खोटे कशाला हवेत?"

"शुक्रवारी काही वेगळं घडतं का त्या घरात?"

"काय घडणार? सुहैरबाई आणि फिक्रीसाहेब जेवायला येतात. मासे, भात, सॅलड. हाजी दिवसभर शुक्रवारचे सलाम परतवत बसतात, फोन टुणटुण करत असतो. चार वाजता मी डोळ्यांत थेंब घालते, ते दहा मिनिटं डोळे मिटून पडतात. मग चहा." सनिय्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "खाला, मला गावात घर नाही. पण ते जाऊ दे. चोर म्हणून हाकललेल्या बाईला दुसऱ्या घरात कोण ठेवतं?"

बहीजाला राग आला. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं बसलेली बाई. कानाला यंत्र लावून अख्ख्या गावाची बोलणी जोडून दिली, पण उगाच कुणाचं नाव घेतलं नाही आणि कुणाला घेऊ दिलं नाही. भेंड्या तशाच टाकून तिने पायात चपला सरकवल्या.

"चल. तो कागद मला बघू दे."

२

सुहैर म्हणजे हाजींची लेक. शाळेत उपमुख्याध्यापिका, आणि घरीही तीच. ती बैठकीच्या खोलीत कागद पसरून लाल पेनाने खुणा करत होती. हाजी कॉफीच्या दुकानात गेले होते.

"खाला, तुम्ही तिची बाजू घ्यायला आलात ना?"

"मी कागद बघायला आलेय. बाजू मग ठरवू."

सुहैरने कागद पुढे सरकवला. प्रत्येक ओळीत तारीख, मागणी किती वाजता आली, फोनवरून उत्तर किती वाजता गेलं, काय घेतलं. काय घेतलं त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच गोष्ट: आमिष, एक बादली. पंधरा पौंड.

"वर्षभर हेच?"

"वर्षभराचाच कागद देतात. त्याच्या आधीचं देव जाणे. आणि हे बघा, उत्तर आमच्याच फोनवरून गेलंय. काउंटरवरच्या मुलीने मला तीनदा सांगितलं. म्हणजे फोन हातात घेऊनच कुणीतरी हे केलंय. बाबांना विचारलं, तुम्ही काही विकत घेतलंत? तर माझ्यावरच ओरडले, मी या वयात खेळणी घेऊ? विचारलं, फोन कुणाला दिलात? कुणालाच नाही. चोवीस तास खिशात. मग खिशाला हात कोण लावतं, सांगा! वेळ बघा ना वेळ."

बहीजाने बघितली. चार वाजून एक. चार वाजून दोन. चार वाजता.

"थेंबांची वेळ," सुहैर म्हणाली. "बाबांचे डोळे मिटलेले. खोलीत फक्त ती. मी स्वयंपाकघरात भांडी आवरतेय, फिक्री गॅलरीत लोळतोय. अजून काय पुरावा हवा?"

"तिला वाचता येत नाही, सुहैर."

"बटण दाबायला वाचावं लागतं? तिच्या बहिणीची पोरं खेळत असतील तो खेळ. ही इथून होकार देते, ती तिथे मजा मारतात." सुहैरने पेनाचं टोपण लावलं. मग जरा नरमली. "मलाही बरं वाटत नाहीये, खाला. पण बाबांना आता बघायचं कुणी? मी एकटी. दुसरं कुणी असतं तर..."

तिने वाक्य तोडलं. त्या घरात ते वाक्य नेहमी तिथेच तुटायचं. दुसरं कुणी म्हणजे रऊफ, तिचा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तो दूर कुठल्याशा जहाजावर होता आणि मातीला पोचला नाही. नंतर त्याचा फोन आला तेव्हा हाजींनी शपथ घेतली, त्याचा आवाज ऐकणार नाही, आणि पुन्हा फोन केलास तर हा फोन कालव्यात फेकीन. लेकीलाही बजावलं, त्याच्याशी बोललीस तर मला मेलेला समज. तेव्हापासून नाव बंद.

"शुक्रवारपर्यंत थांब," बहीजा म्हणाली. "जेवायला मीही येते. रव्याची बसबूसा मी आणीन."

"तुम्हाला काय वाटतं, दोन दिवसांत चोर बदलेल?"

"बदलणार नाही. पण सापडेल." असं बोलून गेली खरी, पण तिला स्वतःलाच पत्ता नव्हता की कुठून सुरुवात करायची. कागदाची एक प्रत मात्र तिने मागून घेतली.

३

खेळाचं ज्याला कळतं असा माणूस त्या कुटुंबात एकच होता. सुहैरचा नवरा फिक्री फेरीधक्क्याजवळ नळ आणि फरशा विकायचा, म्हणजे दुकानात बसून फोनवर राज्यं जिंकायचा. बहीजा आत शिरली तेव्हा तो एका किल्ल्याला वेढा घालून बसला होता.

"फिक्री, गिऱ्हाईक आलंय."

"बसा खाला, एक मिनिट, हा बुरूज पडतोय." बुरूज पडला. मग त्याने मान वर केली आणि बहीजाच्या हातातला कागद पाहिला. त्याने फोन पटकन खणात सरकवला.

"हा कागद... सुहैरने माझ्याही नंबरचा काढला काय?"

बहीजा काही बोलली नाही. एक्स्चेंजमध्ये शिकलेली गोष्ट होती ती: लाइन चालू ठेवून गप्प बसलं की समोरचा माणूस आपणहून बोलतो.

"खाला, शपथ घेतो, महिन्याला दोनदाच घेतो मी. फार झालं तर तीनदा. एक तलवार आणि थोडे घोडे. ते सुद्धा माझ्या फोनवरून, माझ्या बॅलन्समधून. सासऱ्याच्या पैशांना मी शिवत नाही. सुहैरला सांगू नका, माझ्या घोड्यांसकट मला बाहेर काढेल."

"घोड्यांचं तुझं तू बघ. मला सांग, हे एसएमएसने पैसे देणं चालतं कसं?"

फिक्रीला हायसं वाटलं. शिकवायला मिळालं की तो खुलायचा. "सोपं आहे. बँक नको, कार्ड नको. खेळात वस्तू निवडायची, नंबर टाकायचा. त्या नंबरवर मेसेज येतो, अमुक वस्तू, इतके पौंड, मान्य असेल तर या मेसेजला उत्तर द्या. नको असेल तर काहीच करू नका. उत्तर गेलं की बॅलन्स कापला, वस्तू तुमची."

"उत्तरात काय लिहायचं?"

"प्रत्येक खेळाचं वेगळं. माझ्यात आकडा टाकावा लागतो. पण हा तुमचा मासेवाला," त्याने कागदावर बोट ठेवलं, "हा जुना खेळ, खाला. लग्नाआधी आम्ही सगळे हाच खेळायचो. यात काहीही लिहा. नुसता ठिपका पाठवला तरी होकार. आता कोण खेळतं हे? मी तर म्हणतो, या खेळातल्या तळ्यावर आता शेवाळ धरलं असेल."

"आणि नंबर टाकणारा माणूस घरातच हवा का?"

"छे! कुठेही असो. एकदा खात्याला नंबर जोडला की जोडला, मग जन्मभर त्याच नंबरवर मेसेज जातो. बदलायला गेलात तर शंभर भानगडी."

बहीजाने कागदाची घडी केली. मग दाराशी थांबून तिने विचारलं, "एक बादली आमिषात काय येतं रे?"

"काही नाही! सगळ्यात स्वस्त वस्तू ती. पाच मिनिटं मासे धरा, संपली. वर्षभर नुसती बादली घेणारा माणूस खेळाडू नाही, खाला. तो खेळतच नसणार."

फेरीबोटीच्या भोंग्याने पुढचं बोलणं बुडालं. पण बहीजाला हवं ते मिळालं होतं. खेळत नाही, तर घेतो कशाला?

४

गुरुवारी दुपारी ती हाजींकडे गेली. म्हातारा गॅलरीत आरामखुर्चीवर पडला होता. समोर सुएझ कालवा, आणि त्यावरून एक गंजकं मालवाहू जहाज सावकाश चाललेलं. हाजींना आता त्याचा नुसता रंग दिसायचा. पण कालव्याच्या सिग्नल ठाण्यावर पस्तीस वर्षं काढलेला माणूस, भोंग्यावरून वजन सांगायचा.

"ये बहीजा, बस. माझ्याकडे चोरी झालीये, ऐकलंस ना? आणि माझी लेक माझ्याच घरातली बाई हाकलतेय. माझं कोण ऐकतं?"

"तुम्ही ऐकवा ना. तुमचं घर आहे."

"काय ऐकवू? उत्तर याच फोनवरून गेलंय म्हणते. मी दिलं नाही. मग कुणी दिलं?" त्यांनी खिशातला फोन चाचपला. "सनिय्याने चोरी केली असं मी मरेपर्यंत मानणार नाही. पण कागदासमोर माझं काय चालतं?"

तेवढ्यात सनिय्या थेंबांची बाटली घेऊन आली. रडून रडून तिचे डोळे हाजींपेक्षा लाल झाले होते. तिने म्हाताऱ्याच्या डोळ्यांत एकेक थेंब टाकला आणि न बोलता आत गेली. हाजी डोळे मिटून पडले.

बहीजाच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. तिने ओढणीआड स्वतःचा फोन काढला आणि हाजींना मेसेज लिहिला: हाजी, तुम्ही गाढव आहात.

हाजींच्या खिशात टुण्ण वाजलं. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेलेच. हात खिशात गेला, जुना बटणांचा फोन बाहेर आला, अंगठा चार वेळा इकडे, दोन वेळा तिकडे फिरला, आणि फोन परत खिशात. सगळं मिळून दहा सेकंदही लागले नसतील. बहीजाच्या फोनवर उत्तर उमटलं.

पोचलं. तुम्हालाही तसंच.

बहीजाला इतकं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "हाजी, आत्ता काय केलंत तुम्ही?"

"काय केलं? कुणाचा तरी सलाम आला, परतवला."

"वाचलात?"

"थेंब घातलेत, वाचू कसं? आणि एरवी तरी काय दिसतं, मुंग्या! नातू-पणतू असलेली माणसं शुक्रवार-शनिवार सलाम पाठवतात, त्यात वाचायचं काय असतं?" म्हातारा चिडला. "ठाण्यावर आमचा नियम होता, निरोप आला की पोच द्यायची. आधी पोच, मग पाटी पुसायची. पोच न मिळालेलं जहाज तिथेच अडकून राहतं, कळलं? त्याला वाटतं, किनाऱ्यावर कुणी जिवंतच नाही. पस्तीस वर्षांत माझ्याकडून एक निरोप बिनपोचेचा राहिला नाही."

"आणि पाटी पुसायची म्हणजे?"

"उत्तर दिलं की मेसेज काढून टाकायचा. फोन स्वच्छ."

बहीजाचं हसू विरलं. होकार देणारा हात सापडला होता. पण त्याने सनिय्या सुटत नव्हती. उलट सुहैर म्हणणार, बघा, हिला बाबांची खोड माहीत होती, म्हणूनच थेंबांची वेळ साधून बहिणीच्या पोरांकडून मागणी करवली. फास जास्तच आवळला जाणार होता. मागणी करणारा कोण, ते कळल्याशिवाय तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. आणि हातात उरला होता एक दिवस.

५

घरी येऊन तिने कागद जेवणाच्या टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि वरपासून एकेक ओळ वाचत सुटली. चार वाजता. चार वाजून एक. चार वाजता. इतका नेमाचा चोर तिने पाहिला नव्हता. चोर संधी साधतो, हा तर घड्याळ लावून चोरी करत होता.

आणि मग एप्रिलपाशी तिचं बोट अडलं.

एप्रिलचे पहिले तीन शुक्रवार मागणी चारला नव्हती. तीनला होती. तीन वाजून एक, तीन वाजता, तीन वाजून दोन. उत्तरं मात्र साडेतीनच्या पुढे गेलेली. चौथ्या शुक्रवारी गाडी पुन्हा चारवर.

सुहैरच्या लाल खुणा इथेही होत्या, पण बाईने लक्ष दिलं नव्हतं. बहीजाने दिलं. शुक्रवारी तीन वाजता त्या घरात काय चालतं हे अख्ख्या मजल्याला वासावरून कळायचं. तीन म्हणजे जेवण. सगळे एका टेबलाभोवती, सगळ्यांचे हात माशांत बरबटलेले, सनिय्या भात वाढतेय, हाजी जेवताना फोनला हात लावत नाहीत. थेंबांना अजून एक तास. सनिय्याने थेंबांची वेळ साधली असती, तर ती तीन शुक्रवार जेवणाच्या मध्येच कशाला मागणी करवेल? जिला हाजींच्या सात गोळ्या रंगावरून पाठ, ती त्यांची जेवणाची वेळ विसरेल?

म्हणजे चोराची वेळ बदलली नव्हती. चोराचं घड्याळ बदललं होतं.

बहीजा टेबलावरून उठून खोलीत येरझारा घालायला लागली. एक्स्चेंजमध्ये तिच्या डोक्यावर भिंतीला घड्याळं टांगलेली असायची, लंडन, जिनोआ, अथेन्स. जहाज कंपन्यांचे परदेशी फोन तीच जोडायची, आणि दर वसंतात गोंधळ उडायचा. समुद्रापलीकडचे लोक मार्च संपता संपता घड्याळं तासभर पुढे करतात. इकडे इजिप्तमध्ये आता आपण ती करतो एप्रिलच्या अखेरीस. अथेन्सचं घड्याळ एरवी आपल्याबरोबरच चालतं, पण मधले तीन-चार आठवडे तिथले चार म्हणजे इथले तीन. मागणी करणारा समुद्रापलीकडे बसला होता आणि त्याच्या घड्याळात दर शुक्रवारी चार म्हणजे चारच होते.

तिने खालचा खण उघडला. बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि त्यांच्या तळाशी एक चित्रपत्र. तीन वर्षांपूर्वी पोस्टमनने हाजींकडे नेलं, हाजींनी परत केलं, आणि फेकवेना म्हणून त्याने बहीजाच्या हातात कोंबलं. ग्रीसमधल्या पिरायस बंदराचं चित्र. मागे चारच ओळी: जहाज सोडलं, इथे गोदीत वेल्डर झालोय, चारला सुटी होते. बाबांची तब्येत कळवा कुणीतरी.

कुणी कळवली नव्हती. बहीजानेही नाही. दुसऱ्याच्या घरच्या शपथेत आपण कशाला पडा, असं तेव्हा तिला वाटलं होतं. आता तिला स्वतःची लाज वाटली.

६

शुक्रवारी जेवणं झाली. मासे उत्तम होते आणि कुणाच्याही घशाखाली धड उतरले नाहीत. पावणेचार वाजले होते. सनिय्याचं बोचकं दाराशी ठेवलेलं होतं, वर तिची चटई गुंडाळून. ती थेंबांची बाटली घेऊन आली, तशी बहीजाने तिचा हात धरला.

"आज थेंब उशिरा घाल. इथे बस."

"मी इथे बसू?" सनिय्या कधी बैठकीच्या खोलीत बसली नव्हती.

"बस म्हणते ना. सुहैर, होकाराचं उत्तर तुझ्या बाबांनी स्वतः दिलंय. दर शुक्रवारी." आणि ती कुणाला मध्ये बोलू न देता सांगत गेली, पोच देण्याची खोड, मिटलेले डोळे, पुसलेली पाटी. गाढवाचा किस्सा ऐकून फिक्री फिदीफिदी हसला. हाजींनी विचारलं, "ते तू होतीस?" आणि ते खुर्चीत ताठ बसले.

"ठीक आहे, बाबांनी दिलं," सुहैर म्हणाली. "पण मागणी कुणी केली? ज्याला बाबांची ही खोड माहीत आहे त्यानेच ना? ती सगळ्यात जास्त कुणाला माहीत?"

"बरोबर विचारलंस. आता एप्रिल बघ." बहीजाने तिन्ही ओळी दाखवल्या आणि घड्याळांचं गणित समजावलं. "हा माणूस समुद्रापलीकडचा आहे. हा खेळ दहा-बारा वर्षांपूर्वी पोरं खेळायची, म्हणजे तेव्हाच कुणीतरी आपल्या खात्याला हाजींचा नंबर जोडला. तेव्हा या घरात पोरगं कोण होतं?"

सुहैरची नजर हाजींकडे गेली.

"आणि घेतो काय, तर सगळ्यात स्वस्त वस्तू. वापरतही नाही. चोर असता तर हाव वाढली असती, फिक्रीसारखी तलवार घेतली असती."

"माझी कसली तलवार?" फिक्री दचकला. सुहैरने त्याच्याकडे वळून पाहिलं, पण तो विषय नंतरसाठी राखून ठेवला.

"त्याला आमिष नकोय, हाजी. त्याला पोच हवीये. फोन करायची तुम्ही बंदी केलीत, ती त्याने चार वर्षं पाळली. विचारायचं कुणाला? बहीण बोलत नाही, आणि तुम्ही परत केलेलं त्याचं हे पत्र, गोदीतून चारला सुटी होते म्हणणारं, शेजारणीने तीन वर्षं खणात ठेवलं. मग त्याला आठवलं, बाबा कुठलाही निरोप बिनपोचेचा ठेवत नाहीत. शुक्रवारी गोदीतून सुटला की तो एक बादली मागतो. खरेदी झाली, असं दिसलं की त्याला कळतं, बाबा आहेत. झाली त्याची जुम्म्याची भेट."

हाजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग ते कोरड्या आवाजात म्हणाले, "ही तुझी कहाणी झाली. पुरावा काय?"

"हो, पुरावा काय?" सुहैर म्हणाली. "नुसत्या घड्याळावरून आणि जुन्या पत्रावरून मी कसं मानू?"

"आज पोच देऊ नका," बहीजा म्हणाली. "एवढंच करा."

चार वाजले. टुण्ण. हाजींचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. सुहैरने त्यांच्या खिशातून फोन काढला आणि मोठ्याने वाचलं: "आमिष, एक बादली. मान्य असल्यास उत्तर द्या."

पाच मिनिटं गेली. टुण्ण. तीच बादली. मग दोन मिनिटांनी पुन्हा. मग लागोपाठ दोन. म्हातारा घामाने भिजला. पस्तीस वर्षांत त्याने कुणाला असं ताटकळत ठेवलं नव्हतं. सनिय्या पुटपुटली, "अगं बाई, घाबरला असेल पोरगा," आणि तिला स्वतःच्या बोचक्याचा विसरच पडला.

चार वाजून चौदा मिनिटांनी फोन वाजायला लागला. परदेशी नंबर.

सुहैरने तो वडिलांपुढे धरला. हाजींनी मान फिरवली. "मी शपथ घेतलीये. त्याचा आवाज ऐकणार नाही."

"मी उचलते," बहीजा म्हणाली.

"खबरदार! या घरात कुणी उचलायचा नाही."

फोन वाजतच होता. सुहैरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती वडिलांच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती. "मग कोण फोन करतंय ते कळणार कसं, बाबा? कुणीही असेल. माझ्या हातात तोच कागद उरतो."

सनिय्या उठली. तिने थेंबांची बाटली टेबलावर ठेवली, दाराशी गेली आणि बोचकं काखेत मारलं. "राहू दे, खाला. माझ्यापायी हाजींची शपथ नको मोडायला. बाटली थंड जागी ठेवा म्हणजे झालं."

बहीजाचा संयम सुटला. "हाजी! मोडलेल्या शपथेची भरपाई करता येते, दहा गरिबांना जेवायला घाला. मासे मी देते. या बाईची अब्रू दारातून एकदा बाहेर पडली की तिची भरपाई कशाने करणार आहात?"

म्हाताऱ्याने दाराकडे पाहिलं. त्याला सनिय्याचा फक्त काळा आकार दिसत असणार आणि काखेतलं बोचकं. त्याने हात पुढे केला. सुहैरने हिरवं बटण दाबलं आणि आवाज मोठा केला.

"हॅलो? हॅलो!" मागे गोदीत हातोडे वाजत होते. "सनिय्या? सुहैर? कुणीतरी बोला! बाबा कुठायत? आज उत्तर का नाही आलं? अरे कुणीतरी बोला ना, बाबा आहेत ना?"

सगळ्यांनी हाजींकडे पाहिलं. बोलायचा हक्क एकाचाच होता. पलीकडे रऊफ, तीस वर्षांचा दांडगा वेल्डर, हुंदके द्यायला लागला.

हाजींनी दोनदा घसा खाकरला.

"तूच घेत होतास ती बादली?"

पलीकडचे हुंदके एकदम थांबले. "बाबा."

"विचारतोय त्याचं उत्तर दे."

"हो बाबा. मीच. दर शुक्रवारी. पैसे मी भरून देईन सगळे, मी फक्त..."

"पैसे गेले खड्ड्यात." म्हाताऱ्याचा आवाज फुटला आणि त्याने तो आवरला नाही. "तुझ्या त्या बादलीपायी इथे सनिय्याला चोर ठरवलं. जिने तुझ्या आईचं शेवटचं अंग धुतलं, त्या सनिय्याला. तिचं बोचकं बांधून दाराशी ठेवलंय. आधी तिची माफी माग. माझ्याशी नंतर बोल."

"सनिय्या," फोनमधून रडवेला आवाज आला, "माझी आई, मला माफ कर गं. मला माहीत नव्हतं."

सुहैर ओंजळीत तोंड घालून रडत होती. ती उठून सनिय्याकडे गेली, तिच्या काखेतलं बोचकं ओढून घेतलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. सनिय्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण तिचा चेहरा नरम पडला नव्हता. दोन दिवस ती चोर होती, ते इतक्यात कसं विसरणार?

"हाजी," ती म्हणाली, "त्याला सांगा, सनिय्या फोनवर माफी देत नाही. चोर मला तोंडावर म्हटलं, माफीही तोंडावरच मागायची. इथे, या खोलीत."

हाजींनी फोन तोंडाजवळ घेतला.

"ऐकलंस ना? इथे येऊन माग, म्हणते. आणि लवकर ये, म्हणते."

"लवकर मी म्हटलं नाही," सनिय्या म्हणाली.

"मी म्हणतोय," हाजी म्हणाले.